सायकलच्या हँडलवर कॅमेरा, समोर मेळघाटचा रस्ता

अमरावतीहून परतवाडा, तेथून घाटांग, सेमाडोह, हरिसाल करीत धारणीला पोहोचणारा रस्ता जवळपास दीडशे किलोमीटरचा आहे. एसटीच्या खिडकीतून तो अर्धाच दिसतो आणि मोटारीतून तर वळणे तेवढी लक्षात राहतात. सिपना नदीच्या काठाने, सागाच्या जंगलातून जाणारा हा रस्ता पाहण्याचा खरा वेग सायकलचा. थंडीच्या दिवसांत शहरी सायकलस्वारांचे गट हल्ली घाटरस्त्यांवर दिसू लागले आहेत. पाहिलेले चित्रफितीत उतरवून घरी न्यावे असे त्यांतील प्रत्येकाला वाटते. मग मोबाइल नाहीतर छोटा कॅमेरा हँडलला कसाबसा बांधला जातो आणि घरी आल्यावर जे दिसते ते पाहून डोके गरगरते. झाडे पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी लवलवतात, क्षितिज तिरके होते, आणि खड्डा आला की पडद्यावर काही क्षण नुसता रंगांचा चिखल उरतो.

दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. तो ज्यावर बसवला आहे त्या बैठकीचा असतो. ही बैठक घरच्या घरी, हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून उत्तम बनवता येते. मात्र ती कशी वागते हे आधी समजून घेतले नाही, तर महागडी विकतची बैठकही तोच अनुभव देईल.

सायकल आणि हौशी छायाचित्रण ही जवळपास जुळी भावंडे आहेत. जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते १८८८ साली, आणि जॉर्ज ईस्टमन यांचा रीळ घालून वापरायचा पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आला तोही १८८८ सालीच. १८९० च्या दशकात अमेरिकेत सायकलवर नेण्याजोगे घडीचे कॅमेरे निघाले. त्यांतील एकाचे नावच ‘सायकल पोको’ होते. थॉमस ॲलन आणि विल्यम साक्टलेबन हे दोन अमेरिकी तरुण कोडॅक कॅमेरे बरोबर घेऊन कॉन्स्टँटिनोपलहून सायकलने थेट पेकिंगला गेले. आपल्याकडे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे मुंबईचे तीन पारशी तरुण १९२३ साली सायकलने जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली परतले. त्या प्रवासाची छायाचित्रेही पाहायला मिळतात. पण त्या काळात कॅमेरा सायकलवरून वाहून नेला जाई. चालत्या सायकलवरून चित्रे घेण्याची गोष्ट अलीकडची, आणि अडचण तिथेच सुरू होते.

रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याचा धक्का टायर, काटा आणि हँडल या मार्गाने कॅमेऱ्यापर्यंत येतो. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला सव्वाचार मीटरहून थोडे कमी. उखडलेल्या रस्त्यावर दर वीस सेंटिमीटरवर एक खडा किंवा उंचवटा असेल तर हँडलला सेकंदाला सुमारे २१ धक्के बसतात. हा आकडा लक्षात ठेवावा.

आता बैठकीकडे पाहू. एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकावर वजन ठेवलेली पट्टी टिचकी मारली की स्वतःच्या ठरावीक लयीत थरथरते. आपण शाळेत बाकाच्या कडेवर पट्टी धरून हाच आवाज काढीत असू. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, हँडलपासून ती १५ सेंटिमीटर पुढे काढली आणि टोकावर २०० ग्रॅमचा कॅमेरा बसवला, तर गणिताने तिची थरथर सेकंदाला सुमारे २१ वेळा येते. म्हणजे रस्ता ज्या लयीत धक्के देतो, नेमक्या त्याच लयीत पट्टी डोलायला तयार बसलेली असते. झोक्याला योग्य वेळी दिलेला हलका हातही त्याला उंच नेतो, तसे येथे होते. तीच पट्टी ५ सेंटिमीटरच पुढे ठेवली तर तिची लय सेकंदाला सुमारे ११० वर जाते आणि रस्त्याच्या बहुतेक धक्क्यांना ती दाद देत नाही. सांधे, हँडल आणि नट यांच्या लवचिकपणामुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे कमी येतील, पण फरक पाचपटीचा आहे.

लांबी दुप्पट केली की पट्टीचा ताठपणा निम्मा होत नाही, तो एक अष्टमांश होतो. जाडीचा हिशेब याच्या उलट चालतो: ३ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटर जाडी घेतली की ताठपणा साडेचार पटीहून अधिक वाढतो. त्यामुळे ‘बैठक आखूड आणि जाड’ एवढे पाळले तरी निम्मे काम झाले. बाजारातील कित्येक बैठकांना तीन-तीन सांधे आणि लांब दांडी असते. ती कोणत्याही दिशेला वळवता येते म्हणून विकली जाते. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर ते चालेल, सेमाडोहच्या पुढे नाही.

अनेकांच्या मनात येणारा उपाय म्हणजे कॅमेऱ्याखाली स्पंज किंवा फोमचा तुकडा. मऊ वस्तू धक्के शोषते ही समजूत अर्धवट खरी आहे. कोणतीही लवचिक बैठक तिच्या स्वतःच्या लयीच्या सुमारे १.४ पटीहून वेगवान धक्केच रोखू शकते. त्याहून सावकाश धक्के ती तसेच पुढे पाठवते, किंबहुना स्वतःच्या लयीशी जुळणारे धक्के वाढवून पाठवते. समजा स्पंजवर कॅमेऱ्याची लय सेकंदाला १० आहे. सपाटीवर ताशी १५ किलोमीटरने जाताना तो काही प्रमाणात उपयोगी पडेल. पण घाट चढताना वेग ७ वर आला की त्याच रस्त्याचे धक्के सेकंदाला दहावर येतात, आणि कॅमेरा अक्षरशः नाचू लागतो. मेळघाटसारख्या चढउताराच्या रस्त्यावर वेग सतत बदलतो. त्यामुळे स्पंजचा भरवसा धरू नये. रबर वापरायचे ते पातळ, दाबून बसवलेले, आणि मुख्यतः पकड घट्ट होण्यासाठी.

प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. कॅमेऱ्याच्या तळाशी जे आट्यांचे छिद्र असते ते जगभर बहुधा एकाच मापाचे आहे: पाव इंच व्यास आणि एका इंचात वीस आटे. आपल्याकडील हार्डवेअरवाल्याच्या भाषेत हा ‘दोन सुती’ बोल्ट. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी, सुतार, लोहार सर्वांच्या तोंडी हे माप अजून आहे. दुकानदाराने ‘हाही चालतो’ म्हणून ६ मिलिमीटरचा बोल्ट हातात ठेवला तर नम्रपणे नकार द्यावा. तो सैलसर एक-दोन फेरे आत जातो, बसला असे वाटते आणि कॅमेऱ्याचे आटे खातो. कॅमेऱ्याचे छिद्र उथळ असल्याने बोल्टचे टोक ५ मिलिमीटरहून जास्त आत जाणार नाही, हेही पाहावे लागते. लांब बोल्ट जोराने फिरवला तर तळ फुटतो.

हँडलची पकड हा दुसरा भाग. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलचे हँडल मुठीजवळ ७ सूत, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे असते. डोंगरी सायकलींच्या हँडलचा मधला भाग बहुधा ३१.८ मिलिमीटरपर्यंत जाड असतो. तेव्हा आधी दोरा गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे. ७ सुती हँडलसाठी नळकामात वापरतात तो पाऊण इंची पाइपचा यू-क्लॅम्प योग्य. पाऊण इंची म्हणवणाऱ्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात सुमारे २७ मिलिमीटर असतो; म्हणजे हँडलभोवती सर्व बाजूंनी सव्वादोन मिलिमीटरची फट राहते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन वेढे ती बरोबर भरून काढतात. पंक्चरवाल्याकडे असे तुकडे मागितले तर सहसा तो पैसेही घेत नाही. ट्यूबच्या आतली पांढरी भुकटी मात्र धुऊन काढावी, नाहीतर पकड घसरते.

तिसरा भाग पट्टी. खिडक्यांची ॲल्युमिनियम चौकट बनवणाऱ्या कारागिराकडे किंवा भंगारात ५ मिलिमीटर जाडीचा, इंचभर रुंदीचा तुकडा मिळतो. नऊ-दहा सेंटिमीटर लांबी पुरते. यू-क्लॅम्प खालून हँडलला कवेत घेतो, त्याचे दोन्ही पाय वर येतात. त्या दोन पायांतील अंतर मोजून पट्टीला दोन छिद्रे पाडावीत आणि पुढच्या पायापासून तीन सेंटिमीटरवर कॅमेऱ्याच्या बोल्टसाठी तिसरे. बोल्ट हँडलच्या थेट वर का नाही, असा प्रश्न पडेल. तेथे बोल्टचे डोके हँडलला अडते आणि पट्टी सपाट बसत नाही. छिद्रांच्या आणि पट्टीच्या कडा कानशीने घासून गोलसर कराव्यात. ॲल्युमिनियमला धारदार कोपऱ्यापासून तडा जातो आणि तो तडा प्रवासातच लक्षात येतो.

दोन सुती बोल्ट इंचभर लांबीचा घ्यावा. तो खालून पट्टीत घालून वरून नटने आवळावा, म्हणजे तो पट्टीचाच भाग होतो. त्यावर दुसरा नट सैल ठेवावा. कॅमेरा बोल्टवर हलक्या हाताने बसवून, तोंड समोर आले की हा दुसरा नट वर फिरवून कॅमेऱ्याच्या तळाशी टेकवावा. मध्ये रबराचा एक वायसर असावा. दोन नट आणि पट्टी यांच्या वर ५ मिलिमीटर आटे शिल्लक राहतील एवढाच बोल्ट ठेवून जास्तीचा भाग कापावा. कापण्यापूर्वी बोल्टवर एक नट चढवून ठेवावा आणि कापल्यावर तो उलटा फिरवून काढावा. टोकाचे बिघडलेले आटे त्यानेच नीट होतात. ही युक्ती कोणताही फिटर सांगेल. यू-क्लॅम्पच्या पायांना साधे नट न लावता आत नायलॉनची कडी असलेले नट लावावेत, कारण साधा नट थरथरीने तासाभरात सैल होतो.

लाकडाचा पर्यायही तितकाच चांगला, माझ्या मते अधिक चांगला. परतवाड्याच्या लाकूड व्यापाराची ओळख जुनी आहे. फर्निचरच्या कारखान्यातून सागाचा मूठभर ठोकळा मिळवावा. त्यात २२ मिलिमीटरचे आरपार छिद्र पाडावे, मग छिद्राच्या मधोमध ठोकळा कापून दोन फाका कराव्यात आणि दोन लांब बोल्टांनी त्या हँडलभोवती आवळाव्यात. करवतीच्या पात्याने जे दीड-दोन मिलिमीटर लाकूड खाल्लेले असते, तेवढ्या फटीमुळेच पकड येते. लाकूड ॲल्युमिनियमपेक्षा थरथर लवकर विझवते. घंटेवर आणि पाटावर टिचकी मारून पाहिली की फरक कळतो.

मोबाइलला आट्यांचे छिद्र नसते. त्यासाठी ट्रायपॉडवर बसणारा मोबाइल होल्डर मिळतो, त्याच्या तळाशी हेच माप असते. त्याच्या स्प्रिंगवर विसंबू नये. ट्यूबमधून कापलेला रबरी पट्टा चारही कोपऱ्यांवरून ओढून घ्यावा. आणखी एक गोष्ट महागड्या मोबाइलधारकांनी ध्यानात घ्यावी. अशा मोबाइलमध्ये चित्र स्थिर राहावे म्हणून भिंगच चुंबकांच्या साहाय्याने तरंगते ठेवलेले असते. जास्त शक्तीच्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनी ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ साली दिला होता. सायकलला इंजिन नाही, तरीही दिवसभराच्या खडीच्या रस्त्यावर तीस-चाळीस हजारांचा मोबाइल बांधण्यापेक्षा जुना, साधा मोबाइल बांधणे शहाणपणाचे.

जागा कोणती निवडावी? हँडलच्या मध्याजवळ, म्हणजे जेथे हँडल काट्याला जोडलेले असते तेथे, हालचाल सर्वांत कमी. मुठीकडे सरकावे तसा झोल वाढतो. हँडलवरचा कॅमेरा हँडलबरोबर वळतो, त्यामुळे चढावर डगमगत सायकल हाकताना चित्र डावीउजवीकडे झुलते. ते नको असेल तर काट्याच्या नळीवर, सायकलच्या मुख्य सांगाड्याला बैठक बांधावी. खरे सांगायचे तर सर्वांत स्थिर चित्र छातीवर पट्ट्याने बांधलेल्या कॅमेऱ्याचे येते, कारण माणसाचे गुडघे, कोपर आणि पाठ यांच्याइतका चांगला धक्के शोषणारा सांगाडा कोणत्याही कारखान्यात बनत नाही. पण छातीवरच्या कॅमेऱ्यात रस्ता कमी आणि स्वतःचे हात जास्त दिसतात. रस्ताच हवा असेल तर हँडलला पर्याय नाही. टायरमधील हवा किंचित कमी ठेवली तरी चित्रात सुधारणा दिसते. फार कमी केली तर खड्ड्यात रिमला मार बसून पंक्चर ठरलेले.

सुरक्षिततेबाबत हयगय नको. बैठक सुटली तरी कॅमेरा रस्त्यावर पडू नये म्हणून त्याला दोरी बांधतात, ते योग्यच. पण ती दोरी पुढच्या चाकापर्यंत पोहोचेल इतकी लांब असता कामा नये. आऱ्यांत दोरी अडकली की पुढचे चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. उतारावर याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. वीतभर दोरी पुरते. काळ्या सायकलच्या ब्रेकच्या दांड्या हँडलखालूनच जातात. क्लॅम्प त्यांवर दाबला जात नाही, आणि वायरच्या ब्रेकची वायर कॅमेऱ्यामुळे मुडपत नाही, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि दोन्ही ब्रेक दाबून पाहावे. निघाल्यावर पहिल्या पाच-सहा किलोमीटरवर थांबून सर्व नट पुन्हा आवळावेत. रबर तोवर दबलेले असते.

बैठक कितीही चांगली असली तरी उजेडाचा प्रश्न उरतो. प्रत्येक चित्र घेताना कॅमेऱ्याचा डोळा काही क्षण उघडा राहतो. प्रकाश कमी तितका तो क्षण लांबतो, आणि त्या क्षणात कॅमेरा हलला तर चित्र पुसट होते. हा पुसटपणा नंतर कोणत्याही संगणकीय युक्तीने पूर्ण निघत नाही. उन्हाळ्यात सागाची पाने गळलेली असतात, उजेड थेट रस्त्यावर येतो आणि चित्रे खणखणीत येतात. पावसाळ्यात तोच रस्ता हिरव्या बोगद्यासारखा होतो. मेळघाट तेव्हाच सुंदर दिसतो आणि कॅमेऱ्याला तेव्हाच सर्वांत कमी दिसते. सुरुवातीला सांगितलेली लवलवणारी झाडे हा वेगळा प्रकार. कॅमेऱ्यातील संवेदक संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात कॅमेरा हलला की सरळ खोडही जेलीसारखे वाकते. यावर ताठ बैठक हाच खरा इलाज.

मेळघाट हे १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून सार्वजनिक महामार्गाने जाणाऱ्यास परवान्याची गरज नसते. पण रस्ता सोडून आत शिरायचे, तेही छायाचित्रणासाठी, तर परवाना लागतो. हँडलवर कॅमेरा आहे म्हणून आतल्या पायवाटेवर सायकल घालणे बेकायदा तर आहेच, धोक्याचेही आहे. येथे अस्वले आहेत, बिबटे आहेत, आणि सायकलचा आवाज होत नसल्याने जनावर आणि स्वार दोघेही एकदम समोरासमोर येतात. निघण्यापूर्वी वनविभागाकडे रस्त्याच्या वेळांची चौकशी करावी. काळोख पडण्याआधी मुक्काम गाठावा.

माणसांचाही विचार करावा लागतो. हातातला कॅमेरा समोरच्याला दिसतो, तो मान वळवू शकतो, नको म्हणू शकतो. हँडलवरचा कॅमेरा कोणालाच विचारत नाही. १९९० च्या दशकात कुपोषण आणि बालमृत्यूंमुळे मेळघाट देशभर बातम्यांचा विषय झाला, आणि तेव्हापासून येथील कोरकू मुलांचे चेहरे त्यांना न विचारता कितीदा छापले गेले याची मोजदाद नाही. गावात, धारणीच्या बाजारात किंवा पाणवठ्यावर पोहोचताच कॅमेरा बंद करावा, निदान भिंगावर टोपी घालावी. त्यासाठी चालू-बंद करण्याची कळ हाताशी येईल अशीच बैठक बांधावी.

या खटाटोपाचा उपयोग केवळ हौसेपुरता नाही. सायकल ताशी १५ किलोमीटरने जात असताना सेकंदाला तीस चित्रे घेणारा कॅमेरा दर १४ सेंटिमीटरला एक चित्र टिपतो. ताशी ६० च्या मोटारीतून हेच अंतर ५५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. म्हणजे खड्डे, वाहून गेलेल्या साइडपट्ट्या, खचलेल्या मोऱ्या यांची सायकलवरून होणारी नोंद चौपट बारीक असते. हरिसाल किंवा धारणीपासून आतल्या पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच दवाखान्याची गाडी, रेशनचा ट्रक आणि शाळकरी मुले अवलंबून असतात. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकाच रस्त्याची, एकाच दिशेने, एकाच उंचीवरून घेतलेली दोन चित्रणे शेजारी ठेवली तर तोंडी तक्रारीपेक्षा ती जास्त बोलतात. स्थानिक महाविद्यालयीन तरुणांनी हे काम हाती घेण्याजोगे आहे.

त्यासाठी मोबाइलमधील तारीख, वेळ आणि ठिकाणाची नोंद चालू असावी. सर्वसाधारण प्रतीच्या चित्रणाला मिनिटाला शंभर ते दीडशे एमबी जागा लागते, म्हणून तासाभराच्या रस्त्याला आठ-नऊ जीबी मोकळी ठेवावी आणि दर दहा मिनिटांनी नवी फाइल सुरू करावी. एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांवर कामाचा फलक असतो. त्यावर रस्त्याची लांबी, कंत्राटदाराचे नाव आणि तारखा दिलेल्या असतात, आणि काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभालीची जबाबदारी त्या कंत्राटदाराचीच असते. चित्रण सुरू करताना सायकल या फलकासमोर उभी करून तो वाचता येईल इतका जवळून आधी टिपावा, आणि मगच पॅडल मारावे.